परिचारिकेचा निर्णय आणि त्याची परीक्षा

रुग्णसेवेचे शिक्षण पूर्ण होणे आणि रुग्णसेवा करण्याचा कायदेशीर अधिकार मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाराष्ट्रात शिकलेल्या परिचारिकेला सहसा जाणवत नाही. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे पार पडली, किंवा तीन वर्षांचा जी.एन.एम. हा पदविका अभ्यासक्रम पुरा झाला, की कागदपत्रे घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे जायचे आणि 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली नोंदणी करून घ्यायची, इतका हा मार्ग सरळ आहे. विद्यापीठाची किंवा मंडळाची शेवटची परीक्षा हीच येथे अधिकाराची परीक्षा ठरते. अमेरिकेत या दोन पायऱ्यांच्या मध्ये तिसरी पायरी आहे. पदवी कोणत्याही महाविद्यालयाची असो, संबंधित राज्याच्या नर्सिंग मंडळाकडून परवाना मिळवण्यासाठी सर्वांना एकच राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते, आणि ती परीक्षा म्हणजे परिचारिकांच्या बोलण्यात नुसती ‘एनक्लेक्स’ म्हणून ओळखली जाणारी एनक्लेक्स-आरएन होय. यातील ‘आरएन’ म्हणजे नोंदणीकृत परिचारिका. तिच्याहून कमी कालावधीचे शिक्षण आणि मर्यादित अधिकार असलेल्या ‘प्रॅक्टिकल’ परिचारिकांसाठी याच नावाची दुसरी परीक्षा आहे, तिचा येथे विचार केलेला नाही.

या परीक्षेचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण आजच्या प्रश्नपत्रिकेचा घाट त्यातून आलेला आहे. अमेरिकेत परिचारिकांच्या नोंदणीचा पहिला कायदा 1903 साली नॉर्थ कॅरोलिना राज्याने केला. त्यानंतरची कित्येक वर्षे प्रत्येक राज्य आपापली परीक्षा घेत राहिले, त्यामुळे एका राज्यातील उत्तीर्ण परिचारिकेची पात्रता दुसऱ्या राज्याने कशी मोजावी हा प्रश्न सुटत नव्हता. 1944 मध्ये राज्यांच्या मंडळांनी सामाईक प्रश्नसंच वापरण्यास सुरुवात केली, परंतु त्या परीक्षेत औषधवैद्यक, शस्त्रक्रिया, प्रसूती, बालरोग आणि मानसोपचार असे वेगवेगळे भाग असत, म्हणजे तिचा पाया वैद्यकशास्त्राच्या शाखांचा होता. 1978 साली ‘नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंग’ ही राज्य मंडळांची संघटना स्थापन झाली आणि 1982 पासून तिने एनक्लेक्स हे नाव देऊन या भिंती पाडल्या. आता प्रश्नांची मांडणी रुग्णाच्या गरजांनुसार होते: सुरक्षित व परिणामकारक काळजी, आरोग्याचे संवर्धन, मनःसामाजिक स्वास्थ्य आणि शारीरिक स्वास्थ्य. विषयवार वह्या घालून अभ्यास करण्याची सवय लागलेल्या विद्यार्थिनीला हा बदल वरवरचा वाटतो. प्रत्यक्षात मधुमेहाचा एकच रुग्ण या परीक्षेत कधी औषधमात्रेच्या, कधी पायाच्या जखमेतील संसर्गाच्या, कधी घरी जाताना द्यायच्या शिकवणीच्या, तर कधी आजार नाकारणाऱ्या मनःस्थितीच्या प्रश्नात येतो, आणि ‘मधुमेह’ हे प्रकरण पाठ असल्याचा उपयोग अर्ध्या वाटेपर्यंतच होतो.

महाराष्ट्रातील परिचारिकांचा या परीक्षेशी संबंध केवळ अमेरिकेपुरता उरलेला नाही. क्वेबेक वगळता कॅनडाच्या बहुतेक प्रांतांनी 2015 पासून हीच परीक्षा स्वीकारली आणि 2020 पासून ऑस्ट्रेलियाने परदेशी शिकलेल्या अनेक परिचारिकांच्या ज्ञानचाचणीसाठी तिचा अवलंब केला. तिचे केंद्र मुंबईतही असल्यामुळे उमेदवाराला त्यासाठी देशाबाहेर जावे लागत नाही. परीक्षेचे शुल्क 200 डॉलर आहे, भारतातील केंद्र निवडल्यास त्यावर 150 डॉलर आणि कर पडतात. त्याखेरीज पदवीच्या कागदपत्रांची पडताळणी, इंग्रजीची चाचणी आणि पुढे व्हिसासाठीची छाननी यांचा खर्च वेगळा असतो. खासगी रुग्णालयातील अधिपरिचारिकेच्या पगाराच्या मानाने हा आकडा मोठा आहे, आणि म्हणून तयारी कशी करावी याइतकाच तयारी पुरी झाल्याखेरीज तारीख घेऊ नये हा विचारही महत्त्वाचा ठरतो. मंडळाने पात्रता मान्य केल्यावर उमेदवाराला परीक्षेस बसण्याचे अधिकृत अनुमतिपत्र मिळते आणि त्याच्या मुदतीतच परीक्षा द्यावी लागते, म्हणून महाविद्यालयाकडून गुणपत्रके आणि कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी मागवण्याचे काम अभ्यासाला जोडूनच सुरू करणे शहाणपणाचे असते.

परीक्षेची यंत्रणा समजून न घेता तयारी करणाऱ्यांचे सर्वाधिक नुकसान होते, असे स्पष्ट म्हणावे लागेल. 1994 पासून एनक्लेक्स ही संगणकीय अनुकूली परीक्षा आहे. म्हणजे सर्व उमेदवारांना एकच प्रश्नपत्रिका मिळत नाही, तर प्रत्येक उत्तरानंतर संगणक उमेदवाराच्या क्षमतेचा नवा अंदाज बांधतो आणि त्या अंदाजाला जुळेल असा पुढचा प्रश्न निवडतो. यामागे डॅनिश गणितज्ञ गेओर्ग राश यांच्या नावाने ओळखले जाणारे मोजमापाचे प्रतिमान आहे, ज्यात प्रश्नाची काठिण्यपातळी आणि उमेदवाराची क्षमता या दोन्ही गोष्टी ‘लॉजिट’ नावाच्या एकाच मापावर मांडल्या जातात. एखाद्या प्रश्नाची काठिण्यपातळी आणि उमेदवाराची क्षमता अगदी समान असेल, तर तो प्रश्न बरोबर येण्याची शक्यता 50 टक्के असते, आणि नेमक्या अशाच प्रश्नातून संगणकाला सर्वाधिक माहिती मिळते. याचा परिणाम असा की हुशार उमेदवाराला कठीण प्रश्न येत राहतात आणि तिचीही जवळजवळ निम्मी उत्तरे चुकतात. शाळेपासून गुणांच्या टक्केवारीवर वाढलेल्या विद्यार्थिनीला हा अनुभव हादरवून टाकणारा असतो; आपली परीक्षा बिघडली अशी तिची खात्री होते, मन उडते आणि पुढच्या प्रश्नांत ज्या चुका व्हायला नकोत त्या होतात. कठीण वाटणे हे या परीक्षेत अपयशाचे लक्षण नाही, हे आधीच मनात पक्के असले तर पाच तासांच्या बैठकीचा ताण निम्म्याने हलका होतो.

प्रश्नांची संख्या किमान 85 आणि कमाल 150 असते, आणि त्यांतील 15 प्रश्न भविष्यातील परीक्षांसाठी चाचणी म्हणून घातलेले, गुण न धरले जाणारे असतात, जे ओळखता येत नाहीत. उमेदवाराची क्षमता उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर किंवा खाली आहे याची संगणकाला 95 टक्के खात्री झाली, की परीक्षा थांबते. म्हणूनच 85 व्या प्रश्नाला पडदा बंद झाला यावरून कोणताही निष्कर्ष निघत नाही; तो निकाल निःसंदिग्ध उत्तीर्ण असू शकतो, तसाच निःसंदिग्ध अनुत्तीर्णही असू शकतो. उलट 150 प्रश्नांपर्यंत गेलेली उमेदवार रेषेच्या अगदी जवळ असते, एवढाच त्याचा अर्थ. मागे वळून उत्तर बदलता येत नाही आणि प्रश्न सोडून पुढेही जाता येत नाही. सोपे प्रश्न आधी सोडवून कठीण प्रश्न शेवटी पाहण्याची जी शिस्त आपल्याकडे दहावीपासून अंगवळणी पाडली जाते, ती येथे पूर्णपणे निरुपयोगी आहे.

1 एप्रिल 2023 पासून या परीक्षेने आणखी एक वळण घेतले. नव्या परवानाधारक परिचारिकांना ज्ञान असूनही प्रत्यक्ष खाटेपाशी योग्य निर्णय घेता येत नाही, अशी जी चिंता वाढत होती, तिला उत्तर म्हणून ‘नैदानिक निर्णयक्षमता’ मोजणारे नवे प्रश्नप्रकार आणले गेले. नैदानिक निर्णयक्षमता म्हणजे रुग्णाच्या स्थितीतील संकेत ओळखणे, त्यांचा अर्थ लावणे, शक्यतांचा अग्रक्रम ठरवणे, उपाय सुचवणे, कृती करणे आणि तिचा परिणाम तपासणे, या सहा पायऱ्यांची विचारप्रक्रिया. प्रत्येक उमेदवाराला किमान तीन रुग्णकथा दिल्या जातात आणि प्रत्येकीवर सहा, म्हणजे एकूण 18 प्रश्न असतात. या रुग्णकथांत परिचारिकेच्या नोंदी, प्रयोगशाळेचे अहवाल, औषधांचे आदेश असे खरे कागद वेगवेगळ्या खिडक्यांत मांडलेले असतात आणि वेळ पुढे सरकेल तशी त्यांत भर पडत जाते. एकाहून अधिक पर्याय निवडायच्या प्रश्नांत आता अंशतः गुणही मिळतात, मात्र त्यांतील ठराविक प्रकारांत चुकीच्या निवडीचे गुण वजा होतात, त्यामुळे खात्री नसलेला पर्याय उगाच टिचकावणे महागात पडते.

ही विचारप्रक्रिया एका उदाहरणाने स्पष्ट होईल. हृदयाची पंप करण्याची शक्ती क्षीण झालेली 74 वर्षांची एक स्त्री रुग्णालयात दाखल आहे. तिला डिगॉक्सिन आणि लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड चालू आहे. सकाळच्या नोंदीत लिहिले आहे की दोन दिवसांपासून जेवणावरची वासना गेली आहे, मळमळते, दिव्याभोवती पिवळसर वलय दिसते, रात्री झोप नीट लागली नाही, घोट्यांना किंचित सूज आहे, नाडी मिनिटाला 52 आहे; आणि रक्तातील पोटॅशियम 3.5 ते 5 या नेहमीच्या मर्यादेऐवजी 2.9 आले आहे. नऊ वाजताची डिगॉक्सिनची गोळी द्यायची वेळ झाली आहे. पाठांतरावर विसंबणारी उमेदवार ‘नाडी 60 च्या खाली असल्यास डिगॉक्सिन देऊ नये’ हे वाक्य आठवते आणि तेथेच थांबते. परीक्षेला मात्र त्या वाक्याच्या मागचा आणि पुढचा भाग हवा असतो. डिगॉक्सिन आणि पोटॅशियम हे दोन्ही हृदयाच्या पेशीवरील सोडियम-पोटॅशियम पंपाच्या एकाच जागेसाठी स्पर्धा करतात; फ्युरोसेमाइडमुळे पोटॅशियम लघवीवाटे निघून गेले, की ती जागा डिगॉक्सिनला मोकळी मिळते आणि नेहमीच्याच मात्रेत विषबाधा होऊ लागते. हा दुवा कळला की घोट्यांची सूज आणि अपुरी झोप बाजूला पडतात, तर मळमळ, वलय, मंद नाडी आणि 2.9 हा आकडा एका सूत्रात ओवले जातात. पुढची कृतीही त्यातूनच निघते: गोळी थांबवायची, छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, हृदयाच्या लयीवर मॉनिटर लावायचा, डॉक्टरांना कळवून रक्तातील डिगॉक्सिनची पातळी आणि पोटॅशियम भरून काढण्याचा आदेश मिळवायचा, आणि शिरेतून पोटॅशियम द्यायचे झाल्यास ते कधीही थेट सिरिंजने न ढकलता पातळ करून, पंपावर, सावकाश द्यायचे. शेवटचा प्रश्न बहुधा असा असतो की दुपारच्या कोणत्या नोंदींवरून रुग्ण सुधारते आहे असे म्हणता येईल. आपल्याकडील लेखी परीक्षेत ‘डिगॉक्सिन विषबाधेची लक्षणे व परिचर्या लिहा’ या प्रश्नाला उत्तम गुण मिळवणारी विद्यार्थिनी येथे अडखळते, याचे कारण तिला माहिती नसते असे नाही. ही माहिती एवढ्या गर्दीतून उचलायला तिला कोणी सांगितलेलेच नसते.

अनुभवी परिचारिकांची अडचण याहून वेगळी आणि अधिक गुंतागुंतीची असते. महाराष्ट्रातील मोठ्या सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला एका परिचारिकेवर अख्ख्या कक्षाची जबाबदारी येऊ शकते. रुग्णाला कूस वळवणे, खाऊ घालणे, बेडपॅन देणे हे नातेवाईक करतात, उरलेले मावशी आणि कक्षसेवक सांभाळतात, आणि साहित्य संपले तर परिसेविका शेजारच्या कक्षातून मागवून घेते. या परिस्थितीत टिकून राहण्यासाठी लागणारे कसब थोर आहे आणि त्याला कमी लेखणे अन्यायाचे होईल. परंतु परीक्षेतील रुग्णालयात मनुष्यबळ पुरेसे असते, साहित्य हाताशी असते, आणि प्रश्न विचारला त्या क्षणी परिचारिकेसमोर केवळ तोच एक रुग्ण असतो. टंचाईतून आलेले उत्तर, उदाहरणार्थ ‘आधी दुसऱ्या रुग्णाचे इंजेक्शन उरकून मग येते’ किंवा ‘नातेवाइकाला लक्ष ठेवायला सांगते’, तेथे चुकीचे ठरते. म्हणून अनुभवी उमेदवाराने प्रत्येक प्रश्न वाचताना ‘आमच्या वॉर्डात काय करतात’ ऐवजी ‘सर्व काही उपलब्ध असेल तर काय केले पाहिजे’ असे स्वतःला विचारण्याची सवय जाणीवपूर्वक लावून घ्यावी लागते.

कामाचे वाटप, म्हणजे कोणते काम कोणाकडे सोपवावे, या घटकात ही तफावत सर्वात ठळक होते. अमेरिकी व्यवस्थेत नोंदणीकृत परिचारिकेच्या हाताखाली प्रॅक्टिकल परिचारिका आणि साहाय्यक कर्मचारी असतात. स्थिर रुग्णाचा रक्तदाब घेणे, आंघोळ घालणे, चालवणे, लघवीचे माप लिहिणे ही कामे साहाय्यकाकडे देता येतात. पण रुग्णाची पहिली तपासणी, तिचा अर्थ लावणे, शिकवण देणे आणि परिणामांचे मूल्यमापन करणे ही कामे नोंदणीकृत परिचारिकेने स्वतःच करायची असतात, आणि सोपवलेल्या कामाची जबाबदारीही तिच्या परवान्यावरच राहते. परीक्षेचा जो भाग ‘काळजीचे व्यवस्थापन’ म्हणून ओळखला जातो, त्याला सर्व घटकांत सर्वाधिक वजन आहे, आणि आपल्याकडील अभ्यासक्रमात नेमका तोच व्यवस्थापनाच्या पेपरात, पलंगापासून दूर, सिद्धान्त म्हणून शिकवला जातो. डॉक्टरांचा आदेश धोकादायक वाटल्यास तो अमलात न आणता प्रश्न विचारणे, उत्तर न मिळाल्यास वरिष्ठांकडे जाणे, हेही याच भागात येते. आदेश पाळणे हा गुण मानणाऱ्या वातावरणात शिकलेल्या परिचारिकेला हा पर्याय उद्धट वाटून ती तो टाळते आणि गुण गमावते.

संवादाच्या प्रश्नांतही असेच घडते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री घाबरलेल्या रुग्णाला ‘काही काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ हे वाक्य मराठी परिचारिका दिवसातून अनेकदा, अगदी मनापासून बोलते, आणि एनक्लेक्समध्ये हा पर्याय दिसला की तो चुकीचाच असतो. त्याचे कारण असे दिले जाते की ज्याची हमी देता येत नाही त्याची हमी दिल्याने रुग्णाचे बोलणे तेथेच थांबते आणि त्याला नेमकी कशाची भीती वाटते हे कळायचे राहून जाते. म्हणून ‘उद्याच्या शस्त्रक्रियेबद्दल तुम्हाला काय वाटतंय?’ असे विचारणे हे योग्य उत्तर मानले जाते. त्याचप्रमाणे निदानाची माहिती प्रथम रुग्णाला द्यायची, मुलाला किंवा पतीला नव्हे, आणि रुग्णाची भाषा वेगळी असेल तर दुभाषा म्हणून नातेवाईक न वापरता प्रशिक्षित दुभाषा बोलवायचा. कुटुंब हेच रुग्णाचे आधारस्थान असलेल्या समाजातून येणाऱ्या उमेदवाराने या उत्तरांमागची भूमिका समजून घेतली तर ती लक्षात राहतात. नुसती घोकली तर प्रश्नाचे शब्द बदलताच विसरली जातात.

याउलट काही गोष्टी केवळ सरावाच्या आहेत आणि त्यांचा बाऊ करू नये. पॅरासिटामॉलला तेथे ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनालिनला एपिनेफ्रिन, पेथिडिनला मेपेरिडिन, ग्लिबेनक्लामाइडला ग्लायब्युराइड म्हणतात. प्रश्नांत सहसा औषधांची मूळ नावे वापरली जातात, त्यामुळे कंपन्यांच्या ब्रँडची नावे तोंडात बसलेल्यांना एक वेगळी वही करावी लागते. वजन पौंडांत दिले असल्यास 2.2 ने भागून किलोग्रॅम काढायचे, हेही हाताला लागते. संसर्गनियंत्रणात तर भारतीय परिचारिकेची बाजू काही अंशी भक्कम असते, कारण फुप्फुसाचा क्षयरोग, गोवर, कांजिण्या यांचे रुग्ण तिने प्रत्यक्ष पाहिलेले असतात. तिला फक्त हवेतून पसरणाऱ्या या आजारांसाठी ऋणदाबाची खोली आणि एन-95 मास्क, तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या जुलाबांत अल्कोहोलच्या द्रावाऐवजी साबण-पाण्याने हात धुणे, असे नियम त्या अनुभवाला जोडून घ्यायचे असतात.

तयारीच्या पद्धतीबाबत बाजारात सल्ल्यांची रेलचेल आहे. दिवसाला अमुक इतके प्रश्न सोडवा, हा त्यांतील सर्वात लोकप्रिय आणि सर्वात अपुरा सल्ला होय. प्रश्नसंच सोडवणे अपरिहार्य आहे, पण त्याचे मोल प्रत्येक प्रश्नाखालचे स्पष्टीकरण वाचण्यात आहे, आणि त्यातही बरोबर आलेल्या उत्तराचे स्पष्टीकरण वाचण्यात अधिक, कारण चुकीच्या कारणाने बरोबर आलेले उत्तर पुढच्या वेळी दगा देते. चुकांची नोंद विषयवार ठेवण्यापेक्षा कारणवार ठेवावी: माहितीच नव्हती, माहिती होती पण संकेत नजरेतून सुटला, प्रश्नातील ‘प्रथम’ हा शब्द वाचला नाही, की दोन योग्य पर्यायांतील अग्रक्रम चुकला. काही आठवड्यांत या वहीतून प्रत्येकीचा स्वतःचा दोष स्पष्ट दिसू लागतो, आणि बहुसंख्य पदवीधरांच्या बाबतीत तो माहितीच्या अभावापेक्षा इतर तीन रकान्यांत आढळतो. श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण हा अग्रक्रम किंवा मॅस्लो यांची गरजांची उतरंड ही साधने उपयुक्त आहेत, मात्र त्यांचा वापर रुग्णाची स्थिती वाचल्यानंतर करायचा आहे. परीक्षेत आलेले प्रश्न आठवून विकणाऱ्यांपासून दूर राहणे हे नीतीच्या दृष्टीने तर आवश्यक आहेच, शिवाय प्रश्नांची गुप्तता मोडणाऱ्याचा निकाल रोखला जाऊ शकतो आणि परवान्याचा मार्गही बंद होऊ शकतो. रात्रपाळी करून, घर सांभाळून अभ्यास करणाऱ्या स्त्रीसाठी सलग आठ तासांचे वेळापत्रक आखणे हा तिच्यावर अन्याय आहे. रोज दोन तास, पण झोप झाल्यानंतरचे दोन तास, हे अधिक फलदायी ठरतात, कारण ज्या निर्णयक्षमतेची ही परीक्षा आहे ती थकलेल्या मेंदूत सर्वप्रथम मंदावते.

पहिल्या प्रयत्नात यश न मिळालेल्या उमेदवारांना मार्गदर्शन वर्गांत क्वचितच पुरेशी जागा मिळते. अनुत्तीर्ण उमेदवाराला मिळणाऱ्या कामगिरी अहवालात गुण नसतात; परीक्षेच्या प्रत्येक घटकापुढे तिची कामगिरी उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर, जवळ की खाली होती एवढेच लिहिलेले असते, आणि पुन्हा बसण्यासाठी किमान 45 दिवस थांबावे लागते. अहवाल हाती आला की ‘खाली’ असे लिहिलेले घटक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेणे हा स्वाभाविक प्रतिसाद असतो. त्याऐवजी ‘जवळ’ असे लिहिलेल्या घटकांपासून सुरुवात करणे लाभाचे ठरते, कारण तेथे ज्ञान बहुतांशी असते आणि अग्रक्रमाच्या चुका सुधारल्या की क्षमतेचा अंदाज लवकर वर सरकतो. ‘खाली’ असलेल्या घटकांसाठी त्यानंतर उरलेले आठवडे मोकळे मिळतात. परवाना देणाऱ्या मंडळाने एकूण प्रयत्नांवर किंवा पदवीनंतरच्या वर्षांवर मर्यादा घातली आहे का, हे पुढचे शुल्क भरण्यापूर्वी तपासून घ्यावे, कारण हे नियम राज्यागणिक बदलतात आणि काही राज्ये ठराविक अपयशानंतर फेरशिक्षणाचा दाखला मागतात.